खिंडीपलीकडचा

खिंडीतल्या मोठ्या खडकावर तिनं पिवळा पट्टा ओढला, दोन पावलं मागे सरून तो निरखला, आणि तेवढ्यात खडकाच्या दुसऱ्या अंगानं आवाज आला. खर्र... खर्र... तारेचा ब्रश! तिच्याशिवाय या डोंगरात तारेचा ब्रश घेऊन कोण कडमडणार?

ती वळसा घालून गेली. एक हडकुळा, उंच तरुण गुडघे टेकून खडकावरचं शेवाळ खरवडत होता. शेजारी रंगाचा डबा, तोही पिवळाच.

"अहो, हा खडक आमच्याकडचा आहे," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. धुक्यानं त्याच्या भुवयांवर बारीक थेंब जमले होते. "असं? कागद दाखवा."

"माझे बाबा सव्वीस वर्षं रंगवत आलेत."

"आमच्या बाजूचे म्हातारबा तीस वर्षं रंगवत होते. म्हणजे चार वर्षं आधीपासून खडक आमचा!"

तिला हसू आवरेना. हसता हसता हातातला ब्रश हलला आणि त्याच्या बुटावर पिवळा ठिपका पडला.

"झालं," तो बुटाकडे बघत म्हणाला, "आता मीही तुमच्याकडचा."

डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव होतं. खिंडीच्या पलीकडे, तेवढ्याच अंतरावर त्याचं. मधलं रान दाट. सुट्टीच्या दिवसांत पाठीवर पिशव्या लादून माणसं चालायला यायची, आणि ती वाट चुकू नयेत म्हणून झाडांवर, दगडांवर खुणा असायच्या. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, एवढा साधा नियम. आधी हे काम बाबा करायचे. गुडघे गेल्यावर त्यांनी वनकचेरीतल्या साहेबांना गाठलं आणि सांगितलं, पोरगी माझ्यापेक्षा बरी चालते. तेव्हापासून कोयता, ब्रश आणि डबा तिच्याकडे आले. कितीही घासलं तरी नखांत रंग राहायचा. गावात तिला सगळे 'पिवळी' म्हणायचे.

त्या दुपारी दोघांनी खिंडीत जेवणाचे डबे उघडले. त्यानं तिच्या डब्यातलं अर्धं संपवलं आणि वर म्हणाला, "मीठ कमी आहे."

"मग खाल्लंत कशाला?"

"कमी आहे की नाही, याची खात्री नको का करायला?"

पुढची भेट खुणा रंगवायच्या पुढच्या फेरीला, म्हणजे सहा महिन्यांनी. मधल्या काळात तिनं त्याची आठवण काढली नाही असं ती आईला सांगायची. आईनं मात्र असं काही विचारलेलंच नसायचं.

दुसऱ्या भेटीत 'अहो'चं 'अरे' झालं. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "वर्षातून दोनदा... एवढ्यानं कसं भागायचं गं?"

तिलाही तेच वाटत होतं. म्हणून तिनं ती चूक केली. म्हणजे, तेव्हा ती चूक वाटली नव्हती.

"चल, एक गंमत दाखवते," ती म्हणाली.

खिंडीच्या खाली कातळाच्या पोटातून, ओढ्याच्या कडेकडेनं एक अरुंद वाट होती. एकाही खुणेशिवायची. पलीकडच्या गावातून निघालं की अडीच तासांत थेट तिच्या परसात. नेहमीच्या वाटेनं त्याला अख्खा दिवस लागायचा.

"ही बाबांना सापडली," ती म्हणाली. "कचेरीला त्यांनी कधी सांगितलं नाही. कळलं तर दोघांचं काम एकाच्याच गळ्यात घालतील, म्हणायचे. तूही बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतोय?" ओढा ओलांडताना त्यानं हात पुढे केला. ओढा जेमतेम घोटाभर होता, आणि ती लहानपणापासून तो उड्या मारत ओलांडायची. तरी तिनं हात धरला. पलीकडे गेल्यावरही... बराच वेळ सोडला नाही.

मग रविवारी सकाळी परसातल्या कुंपणाशी शीळ ऐकू यायला लागली. तो बाबांची डुगडुगणारी खुर्ची ठोकून द्यायचा, आईला विहिरीचं पाणी शेंदून द्यायचा. आई पदराआड हसायची. "जावई यावा तसा येतो, आणि मुलगी बघायला यायचं अजून सुचत नाही!"

सुचलं. अकराव्या रविवारी, ओढ्याकाठी. एक पान हातात चुरगळत तो म्हणाला, "माझ्या घरी येशील? म्हणजे... कायमची?"

तिचे कान तापले. "एवढ्या घाईनं? विचार करून सांगते. पुढच्या रविवारी."

"मी शनिवारीच येऊन बसतो!"

त्या आठवड्यात तिनं काही विचार केला नाही. करण्यासारखं राहिलंच काय होतं? ती नुसती गुणगुणत हिंडत होती.

गुरुवारी कचेरीतून बोलावणं आलं. साहेबांनी नजर चुकवत एक कागद पुढे सरकवला. कातळाखालच्या वाटेमुळे दोन्ही बाजूंच्या वाटांची निगा एकच माणूस राखू शकेल, असा अहवाल होता. सोबत नकाशाही. ओढा, कातळ, तिचं परस, कुंपणसुद्धा. तळाशी त्याची सही, आणि तारीख दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे तिनं वाट दाखवल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यातली.

"एकच जागा राहील," साहेब म्हणाले. "कल्पना त्याची, म्हणून... तुझं काम वाईट नव्हतं हो, बाळ."

घरी बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "वाट तू दाखवलीस?" एवढंच विचारलं. तिनं मान डोलावली. ते उठून आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी तो आला, धुतलेला सदरा घालून. ती कुंपणाशीच उभी होती.

"अहवाल वाचला मी," ती म्हणाली.

त्याचा चेहरा क्षणभर पडला, मग सावरला. "आज सांगणारच होतो. अगं, आपल्यासाठीच केलं! नोकरी पक्की झाली, कचेरीचं घर मिळेल. लग्नानंतर तू कशाला डोंगर चढत बसतेस? घरात एकाची नोकरी असली काय, दोघांची असली काय..."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

किती सरळ बोलला तो! जणू यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

"माझं उत्तर हो होतं," ती म्हणाली. "गुरुवार दुपारपर्यंत."

तो बोलत राहिला. तिनं फाटक लावून घेतलं.

पण एवढ्यानं सुटका नव्हती. काम सोपवताना जुन्या माणसानं नव्याला अख्खी वाट चालून दाखवायची, असा कचेरीचा दंडकच होता. महिन्याअखेरीस दोघं पायथ्यापासून निघाली. ती पुढे, तो मागे. झिमझिम पाऊस होता.

"इथे दरड येते. पावसाळ्यानंतर आधी ही जागा बघा," ती म्हणाली.

"बघा?" तो पुटपुटला.

"या झाडाची साल सोलते, रंग टिकत नाही. शेजारच्या झाडावर खूण करा. तिथे मधमाश्या आहेत, कोयता चालवू नका."

चार तास हे असंच. एकदा ओल्या मुळावर तिचा पाय घसरला. त्यानं पटकन हात पुढे केला. तिनं फांदी धरली.

खिंडीत पोचल्यावर तिनं पिशवीतून हस्तांतराचा कागद काढला, मांडीवर ठेवून सही केली आणि त्याच्याकडे दिला. त्यानं सही केली नाही. कागद नुसता धरून ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. म्हणूनच जास्त जड जात होतं.

"तू म्हणालीस तर सोडतो ही नोकरी," तो म्हणाला. "खरंच सोडतो. नुसतं तोंडातून काढ."

पानांवरून पाणी टपटपत होतं. तिनं पहिल्यांदा, इतक्या दिवसांनी, त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं.

"सोड," ती म्हणाली.

त्यानं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"म्हणजे... असं एकदम कसं... घरी बोलावं लागेल. कचेरीतही आता सगळं ठरलंय ना गं... जरा वेळ दे मला."

"सही करून साहेबांकडे द्या," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उतरायला लागली.

मागून हाक आली. मग आणखी एक. ती थांबली नाही, पण पावलं आपोआप हळू पडत होती. पहिल्या वळणापर्यंत ती अशीच चालली, एकेक दगड बघून, उगाच जपून.

तिसरी हाक आली नाही.