तिसरी मोजणी

सकाळचे ऊन आमच्या प्रयोगशाळेत कधीच घाईने येत नसे. आधी ते उंच खिडकीच्या गजांवर थबके, मग भिंतीवरून ओघळत लोखंडी टेबलाच्या कडेशी येई, वायरींच्या गुंत्यात क्षणभर रेंगाळे, आणि अखेर माझ्या पुलाच्या नमुन्यावर इतके अलगद टेके, की आपला भार याला पेलेल ना, अशी त्यालाही शंका असावी.

पंधरा दिवसांपूर्वी त्याच उन्हात ती चुकून माझ्या दारात आली. कंपने मोजणारी तंत्रज्ञ. जायचे होते शेजारच्या खोलीत. पूल पाहून थांबली.

"इतका सडपातळ? उपाशी ठेवलाय का याला?"

तीन वर्षे मी त्या पादचारी पुलाचे वजन घटवत होतो. संगणक अनावश्यक पोलाद छाटत जाई. अट एकच, पूल पावलांच्या तालावर डोलता कामा नये. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. माझ्या हिशेबाने पूल सेकंदाला पाचदा हलणार होता. तिने सहज म्हणून मोजले... दोन!

आज तिसरी मोजणी. अकरा वाजता माझे मार्गदर्शक सर आराखडा बांधकामासाठी पाठवणार होते; हवी होती फक्त तिची सही.

तिने हातोडी पुलाच्या कडेवर हलकेच मारली. पडद्यावरची रेघ दोनवरच उसळली.

"सेन्सर सैल असेल," मी म्हणालो.

"अहो, मागच्या वेळी वायर बदलली, आज सेन्सर बदलला. आता काय मला बदलणार?"

"तसं नाही... तुम्ही मधोमध मारा ना."

"मधे मारलं की पाचच येणार. तो वरखाली नाही हलत, पीळ घेतो. तुम्ही कडेला कधी बघितलंच नाहीत."

खरे होते. छाटणीच्या ओघात पिळण्याचे कंपन गुपचूप सेकंदाला दोनपर्यंत खाली उतरले होते, आणि माझी अट वरखाली हलण्यावरच पहारा देत बसली होती.

"पाच लिहा ना," मी पुटपुटलो. "माझी तीन वर्षं—"

तिने हातोडी खाली ठेवली. "आणि उद्या त्यावरून लोक चालतील त्यांचं काय? तुम्हीसुद्धा चालाल. मला तुम्ही धडधाकट हवे आहात..."

बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली. आम्ही दोघेही पडद्याकडे पाहत राहिलो— तिथे पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

दार उघडले. "काय रे, झाली सही?" सरांनी विचारले.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"पाठवू नका, सर. पूल चुकलाय."

"आत्ता कळतंय?"

"नाही. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग हिला पुन्हा पुन्हा कशाला बोलावलंस?"

मी तिच्याकडे पाहिले.

"त्या याव्यात म्हणून, सर."