पहिला धावणारा

मावशीने त्याला चुकून खुर्चीत बसवलं, नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं. तो बिचारा पावसाची सर टाळायला माझ्या दवाखान्याच्या दारात उभा होता आणि मावशीला वाटलं, अक्कलदाढ काढायच्या भीतीने मागच्या खेपेला पळालेला पेशंट तो हाच. माझी ही सख्खी मावशी दवाखान्याचं दार सांभाळते. एकदा तिच्या तावडीत सापडलेला माणूस सुटत नाही. मी हात धुऊन आत आले, तर खुर्चीत एक उंच, भिजलेला, गोंधळलेला पुरुष. गळ्यात कागदी टॉवेल.

"कुठली दाढ?"

"खरं तर... कुठलीच नाही. पण तुम्ही इतक्या रागाने बघताय, की एखादी देऊन टाकावी म्हणतो."

मी मास्कच्या आत हसले. मास्कचा तेवढाच फायदा.

रस्त्याच्या टोकाला हॉकीचं मैदान होतं, तिथे राष्ट्रीय संघाचं शिबिर चालू होतं. हा त्यातलाच. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, की त्यांचा सगळ्यात जोरकस खेळाडू गोलवर फटका मारतो. याचं काम पहिल्या धावणाऱ्याचं, म्हणजे गोलरेषेवरून सुटायचं आणि थेट त्या फटक्याच्या समोर धावत जायचं. चेंडू अडला पाहिजे, मग तो स्टिकने अडो नाहीतर बरगडीने. संघात त्याला 'बकरा' म्हणायचे.

"बळीचा?" मी विचारलं.

"तोच. गोल झाला तरी कॅमेरा गोलकीपरवर, अडला तरी गोलकीपरवर. मी आपला तिथेच आडवा."

बसलोच आहोत तर माउथगार्ड तरी करून घेऊ, असं तो म्हणाला. मी त्याच्या दातांचे साचे घेतले. तोंडात गार लगदा आणि बोलायची सोय नाही – मग त्याचे डोळेच बोलत राहिले. आणि इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बघत आलेल्या मला पहिल्यांदाच कुठे बघावं ते कळेनासं झालं.

मग तो येतच राहिला. कधी गार्ड टोचतो म्हणून, कधी टोचत नाही हे सांगायला. "दाढेसाठी येतो आणि तासभर हलत नाही," मावशी म्हणायची, "दाढ काढायची की यालाच काढायचं?" दोघांपैकी काहीच निघालं नाही. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, तेही कळलं नाही.

जागतिक स्पर्धा तोंडावर आली होती. याआधी एकदा घोटा आडवा आला होता, एकदा निवड समिती. या वेळी संघात त्याचं नाव होतं. वयाकडे बघता पुन्हा कधी असणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

एका मळभ दाटलेल्या दुपारी तो आला. "गार्ड नीट बसत नाही गं. घरी गरम पाण्यात टाकून, चावून बसवला, तरी नाही. नवा करून दे."

"गरम पाण्यात? हा काय बाजारातला गार्ड आहे?" मी ओरडले आणि त्याला दात मिटायला लावले.

जुन्या साच्यातले वरचे-खालचे दात एकमेकांत चपखल बसत होते. त्याचे आता बसत नव्हते. खालचा जबडा एका बाजूला सरकला होता. तो गार्ड दुरुस्त करत बसला होता, आणि बिघडलं होतं हाड.

"हनुवटीला चेंडू कधी लागला?"

तो म्हणाला, "सरावात. सूज उतरली, म्हटलं कशाला बोभाटा..."

एक्स-रेत दिसलं – कानाजवळ सांध्याचं हाड मोडून वेडंवाकडं जुळत होतं.

"तुमच्या संघाच्या डॉक्टरांना तू सांगतोस की मी सांगू?"

"स्पर्धा होऊ दे. मग म्हणशील ते करीन."

"पुन्हा तिथेच लागला, तर तोंड उघडणार नाही तुझं."

"तुझीच सोय. भांडण नको." तो हसायला गेला आणि कळवळला.

"प्रेम आहे रे माझं तुझ्यावर," मी म्हणाले. असं, दिव्याच्या झोतात, हातमोजे घालून म्हणायचं नव्हतं मला.

"माझंही आहे. मग दे ना करून."

मी नाही म्हटलं. डॉक्टरांना तू सांगायची उद्या सकाळपर्यंत वाट बघेन, मग मीच सांगेन, असंही सांगितलं.

सकाळी मैदानावर गेले. कृत्रिम हिरवळीवर पाण्याचे फवारे उडत होते आणि तो गोलरेषेवर उभा होता – मास्क चढवून, गुडघे वाकवून, धावायच्या तयारीत. मी सरळ संघाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्याला बाहेर बोलावलं. मास्क काढून त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, ओळख नसल्यासारखं. त्यानंतर त्याने फोन घेतला नाही. शस्त्रक्रिया झाल्याचंही मला दुसऱ्यांकडून कळलं.

उपांत्य सामना लागला, तेव्हा मावशीने बाहेरच्या खोलीतला टीव्ही लावला होता. दार उघडलं आणि तो आत आला. खूप वाळला होता. बाकावर बसला. मी शेजारी बसले, मध्ये जागा सोडून.

बरोबरी होती. अखेरच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. याच्या जागी घेतलेला नवा खेळाडू सुटला तो किंचित उशिरा. गोल. आपण हरलो.

"मी अडवला असता," तो म्हणाला. जबडा तारेने बांधलेला, शब्द अजून दातांतून गाळून येत होते.

"हो."

"खोटं तरी बोल."

"अडवला असतास तू."

"आणि तरी तू पुन्हा हेच करशील."

"करीन."

त्याने टीव्हीवरून नजर काढली नाही. "राग येतो मला तुझा. सकाळी उठलो की पहिला तोच येतो. इतक्यात जाईल असं वाटत नाही."

"नको जाऊ दे. पण... इथे बसून रागाव. घरी एकट्याने नको."

मधली जागा सरकून त्याने गालाची बरी बाजू माझ्या खांद्यावर टेकवली आणि रडायला लागला. मी हललेही नाही. मावशीने टीव्ही बंद केला आणि नंबर लावायला आलेल्या पेशंटला दारातूनच सांगितलं, "आज डॉक्टरांना वेळ लागेल."