बुडबुड्याचं पदक

चैत्रातल्या दुपारी राहुरीच्या बाजारपेठेत गारा कोसळल्या. लोक कांद्यावर ताडपत्री टाकायला धावले, आणि एक उंच तरुण डोक्यावर पिशवी धरून राजेश्वरीच्या दुकानात शिरला. मुठीत एक गार, पाखराचं अंडं जपावं तशी.

"जरा भिंग देता? लवकर... विरघळतेय!"

राजेश्वरी मीनाकाम करायची. तांब्यावर काचेची पूड पसरून भट्टीत रंग फुलवायची. तिनं भिंग पुढं केलं. गारेत चिमुकले बुडबुडे होते.

"हवा कोंडलीय," तो हरखून म्हणाला. "अंटार्क्टिकाच्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा अशीच सापडते. तीच तपासायला जातो मी."

कोपऱ्यात बसलेली राजेश्वरीची मालनआत्या म्हणाली, "येवढ्या लांब हवा खायला जातुस व्हय रं?"

तो खळखळून हसला. राजेश्वरीच्या हातातली पूड सांडली.

त्याचं नाव अजिनाथ. कार्तिकात चौदा महिन्यांसाठी पुन्हा निघणार होता. तोवर दर रविवारी यायचा, कधी बर्फाचे फोटो घेऊन, कधी उगाच. मिन्यात बुडबुडा आला की ती घासून टाकायची. "अहो, राहू द्या... आमचा खजिनाच तो!" तो म्हणायचा. भट्टी तिची, बर्फ त्याचा, मधला निळा रंग दोघांचा.

त्याच्या जायच्या आदल्या दिवशी तिनं साखळीत ओवलेलं एक पदक त्याच्यापुढं ठेवलं. फिकट निळं, मधोमध एकच बुडबुडा. जे ओठांवर आलं नव्हतं, ते सगळं सात वेळा भट्टीत भाजून त्यात उतरवलेलं.

"गळ्यात घाला... तिकडं."

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "नाही घालता येणार."

तिचा चेहरा उतरला. "माझं देणंच नको असेल, तर तसं—"

"अहो, ऐका तरी! उणे चाळीसमध्ये धातू कातडीला चिकटतो. सालपट निघतं." त्यानं पदक तिच्या तळहातावर ठेवलं, हात मात्र मागं घेतला नाही. "तुम्हीच घाला. मी येईपर्यंत."

"लोक विचारतील, कुणासाठी घातलंय."

"सांगा... अजिनाथसाठी."

"आणि तो कोण लागतो माझा?"

ध्रुवावर राहून आलेला माणूस, पण कपाळावर घाम फुटला. "अजून कुणी नाही. लागायचंय... तुम्ही हो म्हणालात तर. आईला सांगून आलोय."

मालनआत्याला एकाएकी चहाची आठवण झाली. ती आत गेली.

राजेश्वरीनं पाठ वळवली, केस खांद्यावरून पुढं घेतले आणि साखळीची दोन टोकं मागं धरली.

"कडी लावून द्या," ती म्हणाली. "आणि सावकाश लावा... गाडी उद्या आहे."