औषधवाल्यांचा पियानो

गेली एकतीस वर्षं मी लोकांच्या घरचे पियानो सुरात लावतो. माझ्या स्वतःच्या घरी मात्र पियानो नव्हता. होता तो बायकोच्या आजारपणात विकला आणि तिने नंतर एकदाही त्याचं नाव काढलं नाही. काढून उपयोगही नव्हता. आजारातून ती उठली, पण डावा हात उठला नाही. हात जागेवर होता, फक्त सांगितलेलं ऐकत नव्हता. पूर्वी मुलांना पियानो शिकवताना ती दिवसभर घर दणाणून सोडायची. आता बैठकीत घड्याळाची टिकटिक ऐकू यायची आणि मला त्या बिचाऱ्या घड्याळाचा राग यायचा.

एके दिवशी औषधांचं दुकान बंद करून घरी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. "पियानो नेणार का? फुकट आहे." मी आधी संशयच घेतला. फुकटच्या पियानोत बहुधा उंदरांचं तीन पिढ्यांचं बिऱ्हाड असतं. जाऊन झाकण उघडलं, तर तारा चकचकीत, पट्ट्या एकसारख्या, लाकडाला कुठे कीड नाही. अर्धा तास शोधूनही दोष सापडेना, तेव्हा मीच ओशाळलो.

"इतका चांगला पियानो देऊन का टाकताय?"

"आमचं काम झालं," औषधवाले म्हणाले.

बाकी धावपळ सगळी त्यांच्या पत्नीची. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्च्या सरकवल्या, हमालांना पाणी दिलं, फाटक उघडलं आणि टेम्पो वळेपर्यंत दोन्ही हात हलवत उभ्या राहिल्या. औषधवाले शेजारी डावा हात कोटाच्या खिशात घालून उभे होते. ऊन चांगलंच तापलं होतं.

पियानो बैठकीत बसला तेव्हा बायको हसली आणि रडलीही. "देव पावला! आभार मान त्याचे."

"तुझा पियानो, तूच मान." देवाशी माझं भांडण नाही, पण येणंजाणंही नाही.

"मान म्हणते ना! आणि नुसते तोंडदेखले नको. काहीतरी दे."

"माझ्याकडे काय आहे? हे दोन हात," असं म्हणून मी हात जोडले. जोडले गमतीतच, पण डोळे मिटल्यावर गंमत उरली नाही. हिचा हात बरा होऊ दे, एवढंच मनात आलं. आभार मानायला जायचं आणि लगेच मागायला बसायचं, असला मी भक्त.

मग तीन तास बसून पियानो सुरात लावला. काम संपलं की डाव्या हाताने सगळ्यात खालची पट्टी दोनदा वाजवायची आणि पोराच्या गालावरून फिरवावा तसा तिच्यावरून अंगठा फिरवायचा, ही माझी सवय. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडून आलेली. बायको तिला माझी सही म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका हाताने वाजवायला बसली. मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो. साधीशी चाल, उजव्या हातापुरती. आणि तिच्याखाली, हलकेच, खर्ज.

"डावा चालायला लागला की!" मी ओरडलो.

"कुठला चालतोय? मांडीवर पडलाय."

मी जाऊन पाहिलं. खरंच मांडीवर होता. "एक तार वाजली की दुसऱ्याही गुणगुणतात," मी शहाण्यासारखं समजावलं. ते खोटं नाही. पण गुणगुणणाऱ्या तारा चाल पुढे नेत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. परत आलो तर कप फुटून पडला होता. तो माझ्या हातून कधी सुटला, ते काही आठवेना.

आठवडाभरात तिची करंगळी हलली. मग चारही बोटं. फिजिओथेरपीच्या बाई वहीत काहीतरी लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. शेजारचे आजोबा भिंतीवर ठोकायला लागले, तेही तक्रार म्हणून नाही, फर्माईश म्हणून. घरात नुसता आनंदीआनंद होता. मी रोज सकाळी कुणी न सांगता देवाचे आभार मानायला लागलो.

शर्टाची बटणं लावायला मला जरा वेळ लागायचा. वय झालं, दुसरं काय! एकदा कामावर असताना डाव्या हाताने पट्टी दाबली आणि आवाजच आला नाही. तार तपासली, हातोडी तपासली. मग लक्षात आलं की पट्टी खाली गेलीच नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी बायकोने सगळ्यांना बोलावलं. शेजारचे आजोबा, फिजिओथेरपीच्या बाई, दोघं-तिघं जुने विद्यार्थी. घरात उकडत होतं, तरी मी कोट घातला होता. का घातला, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ती वाजवायला बसली. दोन्ही हातांनी.

इतकं सुंदर ती आजारपणाआधीही वाजवत नव्हती. मी दाराशी उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुखाचंच होतं ते.

शेवटचा सूर विरला. तिने उजवा हात उचलून घेतला.

डावा तिथेच राहिला.

तो सावकाश सरकत सगळ्यात खालच्या पट्टीपाशी गेला. ती पट्टी त्याने दोनदा वाजवली. मग तिच्यावरून अंगठा फिरवला.

"अगबाई, तुझी सवय मला लागली!" ती माझ्याकडे बघून खळखळून हसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी एकटाच टाळ्या वाजवत नव्हतो, म्हणून सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मीही हसलो. मग उजव्या हाताने डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि कोटाच्या खिशात नीट ठेवून दिला.