बारा व्होल्टची गाडी, सहाचे दिवे

खोटं वाटलं तर इथेच थांबा. त्या गाडीचं चाक माझ्या वडिलांच्या, मानसिंगरावांच्या हातात होतं आणि त्यांच्याच तोंडून मी हे ऐकलंय. सांगताना आजही डोकं फिरतं माझं.

१९५४ ची खंडेनवमी. काटेवाडी. दिवेलागणीची वेळ.

कौसल्याआत्या, वडिलांची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुपारपासून अडली होती. बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं तर गावात मोटार एकच, रावजीआबांची. ती त्यांनी इंदापुरातून जुनी घेतलेली. वडील त्यांचे ड्रायव्हर.

पुढच्या दिव्यांचे बल्ब आबांनी आदल्या दिवशीच बसवले होते, सहा व्होल्टचे. जुनी गाडी म्हणजे सहाचीच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. वडिलांना खात्री वाटेना. ते म्हणाले, पायाखालची फळी काढून बॅटरीची झाकणं बघू. तीन असली तर गाडी सहा व्होल्टची, सहा असली तर बाराची. बाराच्या गाडीत सहाचे बल्ब टिकत नाहीत.

पण फळी बोल्टांनी आवळलेली. आणि पाना पूजेत, हळदीकुंकू लावून मांडलेला.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय," आबा म्हणाले. "उद्या उघड."

आत्या मागे आजीच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती, आणि या माणसाला पान्याची पडली होती. वाद घालायला वेळ नव्हता. वडील निघाले.

दिवे लागले ते पांढरेफटक. डोळे दिपतील असे.

कालव्याच्या वळणावर...

फट्.

दोन्ही गेले. गाडी पाण्याच्या चारीत घसरून रुतली.

वडील बैलगाडीसाठी वस्तीवर धावले. परत आले तेव्हा कण्हणं ऐकू येत नव्हतं. आजी नुसती बसून होती. आत्या गेली. बाळ पोटातच गेलं.

दसऱ्याला फळी उघडली. झाकणं सहा होती. आबा म्हणाले, नशीब. नशीब म्हणे!

वडिलांनी नोकरी सोडली. आबांनी पुन्हा बल्ब बसवलेच नाहीत. गाडी फक्त दिवसा निघायची.

वर्षभराने आबांची सून सिंधुबाई अडली. तीही दिवेलागणीलाच. नवा ड्रायव्हर गावी गेलेला. आबा आमच्या दारात येऊन उभे राहिले. वडील दार लावून घेणार होते, पण पोरीचा काय गुन्हा म्हणून गाडीत बसले. शेजारी आबा कंदील धरून. मागे सिंधुबाई आणि तिच्या डाव्या हाताला सासू, सरुबाई.

कालव्याचं वळण आलं...

कंदील विझला.

वारा नव्हता.

आणि समोर रस्त्यावर उजेड पडला. पिवळा, शांत. वडिलांनी मागे पाहिलं. दुसरी गाडी नव्हती.

तेवढ्यात सिंधुबाई सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, माझ्या उजवीकडं कोण बसलंय? हात लई गार हाय..."

सरुबाईंनी वाकून पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

उजेड दवाखान्याच्या दारापर्यंत राहिला. बाळ-बाळंतीण सुखरूप. वडिलांनी पुढे जाऊन पाहिलं. काचांमागे बल्बच्या जागा रिकाम्याच होत्या. काचेला हात लावला...

कोमट होती.

वडील म्हणायचे, कौसल्येनं माफ केलं. मी केलेलं नाही. तिच्या जागी मी असते तर त्या वळणावर उजेड दिला नसता.

दिवेलागणीला तिथून जाणं मी आजही टाळते. तिची भीती नाही वाटत. माझा हा राग तिला आवडणार नाही, याची वाटते.