अबोलीची खूण

कृष्णनाथ मास्तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले सुक्या मिरचीला, आणि मिरचीबरोबर एक जुनी पोथी घेऊन आले. सर्वण गावातल्या त्यांच्या घरातली पोथी वाळवीने खाल्ली होती आणि श्रावण तोंडावर आला होता. गोवा राज्य झाल्याचे फटाके डिचोलीत वाजले, त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोला, विमलाला, अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून तिची वाचा गेली. पोथी कानावर पडली तर बोलेलही, असे मास्तरांना वाटे. बुडत्याला काडीचा आधार. त्याखेरीज काही वाटायचे त्यांचे थांबलेच होते.

रोज दिवेलागणीला ते तिच्या खाटेशी बसून वाचत. पोथी कोणाच्या तरी चांगल्याच वापरातली होती. पानांच्या कडांना अंगाऱ्याच्या बोटांचे ठसे होते. आणि मास्तर थकून जिथे थांबत, नेमके तिथेच अबोलीचे वाळलेले फूल निघे. ते फूल होते तिथेच ठेवून मास्तर विमलाच्या कपाळाला अंगारा लावत आणि तिला पेज भरवत.

एका संध्याकाळी शेजारचा सगुण येऊन बसला. पोथी चाळता चाळता त्याचा हात थांबला.

"मास्तर, हांगा फुलां सोंपलीं… आजाऱ्याखातर वाचिल्ली पोथी ही. आयकपी मदींच गेलें दिसता." मधेच वारलेल्या श्रोत्याची ती पोथी त्याने हळूच पाटावर ठेवली. "असली पोथी न्हंयत सोडटात. विकनात."

"पुराय जाली की सोडटां," मास्तर म्हणाले.

सगुण चहा न घेताच उठला.

त्याच दिवशी वाचता वाचता मास्तर शेवटच्या फुलापाशी आले. पुढच्या पानांवर एकही ठसा नव्हता. पाऊस थांबला होता, खोलीत तुपाच्या वातीचा वास कोंडला होता. मास्तरांनी बोटाने ओळ धरून ठेवली. ते थांबले.

"रावलो कित्याक, पुता…? फुडें वाच."

ओठ विमलाचे हलले होते. आवाज कोणा जख्ख म्हातारीचा होता, मधेच थांबलेल्या मुलाला हटकणारा. लग्न झाल्यापासून विमलाने त्यांना 'तुमी' सोडून कधी काही म्हटले नव्हते.

पोथी मिटावी आणि तशीच नदीवर नेऊन सोडावी, हे मास्तरांना कळत होते. पण त्या घरात किती दिवसांनी कोणीतरी बोलले होते.

त्यांनी पान उलटले. तिथे अबोलीचे फूल होते, आणि त्याचा देठ ओला होता.