बोगद्यापलीकडची किनुयो

माझ्या दोन्ही नकली गुडघ्यांची शपथ, पोरांनो, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. हसू नका. तुमच्या आजोबाने पकडलेला मासा मी दरवर्षी वीतभर लांब करून सांगते, कबूल. पण ही गोष्ट तशी नाही. हिच्यात मी वरून मीठसुद्धा भुरभुरवलेलं नाही.

गाडी मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी घेतली. एक्क्याण्णव सालची, जपानहून आलेली, पांढरी, दोन दारांची. दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर यायचे. बसकी इतकी, की बाहेर यायचं म्हणजे आधी एक पाय, मग एक शिवी, मग दुसरा पाय. माझी शहाणी हॅचबॅक विकून हिला रोजच्या वापराला आणली, तेव्हा तुमचा बाप फोनवर ओरडला, "आई, वेड लागलंय का तुला? दूध आणायला रेसची गाडी?"

"मग? दूध नासायच्या आत घरी येते," म्हटलं.

खरं कारण सांगितलं नाही. तुमचा आजोबा, माझा बेव्हन, तेव्हा बोगद्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होता. मी इकडे लिटल्टनला, बंदरावरच्या घरात. आणि त्याने मला नावाने हाक मारून चौदा महिने झाले होते.

अगदी अशीच एक गाडी पूर्वी त्याच्याकडे होती. शनिवारी मला घेऊन टेकडीच्या माथ्यावरून भरधाव जायचा. मीच ती विकायला लावली, कंबर दुखते म्हणून. कंबर तेवढी काही दुखत नव्हती. मला त्या गाडीचा मत्सर वाटायचा. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुना वास, जुना आवाज, कधीकधी माणसाच्या आत काहीतरी हलवतो. म्हटलं, सगळं नाही हललं तरी चालेल. एकदा 'नोलीन' म्हणाला की पुरे.

पहिल्या दिवशी मेरीबेल, तिथली नर्स, गाडी बघून म्हणाली, "नोलीनबाई, ह्यांना आत घालायला बंदरावरून क्रेन मागवू का?"

पण बेव्हन आपला आपण बसला. न बघता पट्टा ओढून लावला. समोरच्या काळ्या प्लास्टिकवरून तळहात फिरवला, जसा घोड्याच्या मानेवरून फिरवावा. म्हटलं, नोलीनबाई, पैसे वसूल.

बोगदा दोन किलोमीटरचा. पिवळे दिवे, ओल्या सिमेंटचा वास. आमच्या बाजूला बाहेर पडलं की एकदम ऊन, आणि खाली आमचं बंदर. ओंडक्यांचे ढीग, कोळसा, आणि जपानच्या जहाजातून उतरलेल्या गाड्यांच्या रांगा.

ह्याच रांगांमध्ये बेव्हनने वीस वर्षं काढली. गाड्या धुवायच्या, पुसायच्या, आणि मालक सांगेल तेव्हा किलोमीटरचा आकडा मागे फिरवायचा. दीड लाखाचे ऐंशी हजार करायचे. त्या यार्डात कुणाला ते पाप वाटायचं नाही. हातात ड्रिल, तोंडात शीळ. घरी येऊन म्हणायचा, "आज एका माणसाची पाच वर्षं पुसली गं, नोलीन." आणि आम्ही दोघं हसायचो.

तर बोगद्यातून बाहेर पडलो, आणि चौदा महिन्यांत धड वाक्य न बोललेला माणूस म्हणाला, "त्यांनी ते झाड तोडलं वाटतं. शाळेजवळचं. केशरी फळांचं."

"कुठली शाळा रे?"

"वळणावरची," तो म्हणाला, जणू मीच खुळी.

बेव्हन कोळशाच्या खाणीच्या गावात वाढला. तिथे वळणावर शाळा नव्हती, आणि झाडाला पावसाशिवाय दुसरं काही लागत नसे. पण मला काय त्याचं? बोलला ना! मी रोज त्याला आणायला लागले. आणायचं, धक्क्यावर गाडी लावायची, मासा आणि चिप्स खायच्या, परत सोडायचं. कधी खाडीच्या कडेने लांब फेरी.

रोज थोडं थोडं जास्त बोलायचा. गुरुवारी मुलीला पियानोच्या शिकवणीला सोडायचंय, म्हणायचा. आम्हाला दोन मुलगे, दोघंही रग्बीवाले, पियानोवर बसले असते तर पियानो मोडला असता. एकदा मला म्हणाला, "तू कधीपासून चालवायला लागलीस? तुला तर गाडीची भीती वाटायची." मी सोळाव्या वर्षापासून चालवते. ट्रकसुद्धा चालवलाय.

मग एक दिवस धक्क्यावर, चिप्सचा कागद मांडीवर उलगडत, अगदी सहज म्हणाला, "किनुयो, मीठ दे."

"कोण किनुयो?" म्हटलं. "अरे, मी नोलीन."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि घाबरला. कागद छातीशी धरून रडायला लागला, परक्या बाईने पळवून आणलेल्या पोरासारखा. मेरीबेलने रात्रीचं औषध दुपारी दिलं तेव्हा शांत झाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा "किनुयो" म्हणाला. मी मीठ दिलं.

तेव्हापासून तो फुलला. गाल भरले. माझा हात धरून बसायचा. लग्नाच्या दिवशी किती पाऊस होता ते सांगायचा. आमच्या लग्नाच्या दिवशी ऊन होतं, माझं नाक भाजलं होतं. स्टेशनवर चारचौघांत तुझ्यावर ओरडलो, माफ कर, म्हणायचा. पन्नास वर्षांत त्याने माझी एकदाही माफी मागितली नव्हती. किनुयोची रोज मागायचा. मी रोज माफ करायचे.

तिचा शोध मी घेतला नाही. गाडीच्या खणात आधीच्या मालकाची, जपानी अक्षरांची एक वही होती, कुणाकडून वाचून घेता आली असती. पण ती खरंच कुठेतरी सापडली असती, तर? मग मी त्या गाडीत कोण होते?

सहा महिन्यांनी गाडी तपासणीला नेली. गॅरेजवाला सिओने, टोंगा बेटांवरचा, दरवाजाएवढा रुंद. मीटर बघून त्याने आपला कागद बघितला, परत मीटर बघितलं.

"मावशी, ह्या वयात असले धंदे?"

"कसले रे, मेल्या?"

"आकडा मागे फिरवलाय तुम्ही. गेल्या वेळेपेक्षा सातशे कमी आहे."

"मला घड्याळाची वेळ लावता येत नाही, मी मीटर फिरवणार?"

"मग हे काय?" त्याने वाकून मीटर उघडायचे स्क्रू बघितले. बराच वेळ बघत राहिला. "हात नाही लावलेला कुणी," तो हळूच म्हणाला. मग नुसताच हात पुसत बसला. चहाही विचारला नाही.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. एकटी असले की आकडा पुढे जायचा, शहाण्या मीटरसारखा. बेव्हन शेजारी बसला, बोगद्यात शिरलो, की शेवटचा आकडा थबकायचा. थरथरायचा. आणि मागचा आकडा वर यायचा.

मी गाडी बंद केली. एक आठवडा. तुमच्या बापाच्या मोठ्या गाडीतून बेव्हनला आणलं. त्याच धक्क्यावर, तोच मासा. तो खिडकीला नाक लावून बसून राहिला. घास तोंडात तसाच. डोळ्यांत कुणीच नाही.

मी म्हणत राहिले, "मी आहे रे. नोलीन."



आठव्या दिवशी मी पांढरी गाडी काढली.

तुम्ही काय केलं असतं? तो माझा नव्हता, पण जिवंत तरी होता.

शेवटची फेरी ऑक्टोबरातली. वारा पडलेला, पाणी काचेसारखं. खाली जहाजातून गाड्या उतरत होत्या, एकामागे एक, रिकाम्या चेहऱ्याच्या. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "नोलीन, चल घरी."

चौथ्या दिवशी तो गेला. झोपेत. मेरीबेल म्हणाली, चेहरा हसरा होता.

घ्या, नाकं पुसा.

असं बघू नका माझ्याकडे. बरं. शपथ घातली होती ना मी? एक गोष्ट मी पदरची सांगितली. एकच.

'नोलीन, चल घरी' असं तो म्हणाला नाही.

हात धरला, ते खरं. बघत होता, तेही खरं. म्हणाला ते असं: "किनुयो, ती एक म्हातारी यायची बघ. माझ्याजवळ बसायची, सारखी आपलं नाव सांगत राहायची. हल्ली दिसत नाही. गेली का गं बिचारी?"

"हो," म्हटलं. "गेली."

"चांगली होती. नाव काय तिचं?"

मी तोंड उघडलं, पोरांनो.

आणि मला आठवेना.